माळ्यावर सापडलेलं जुनं रिव्हॉल्वर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीची आवराआवर आणि जुन्या वाड्याचा पुनर्विकास, या दोन निमित्तांनी येणाऱ्या पत्रांत एक वाक्य हमखास असतं: "आजोबांच्या ट्रंकेत एक वस्तू सापडली आहे." वस्तू म्हणजे काय ते तिसऱ्या ओळीत कळतं. खालचे प्रश्न अशाच पत्रांतले आहेत. नावं-गावं काढली आहेत, शब्द बहुतेक विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. कायद्याबद्दल इथे दिलंय ते दिशा कळावी म्हणून. तुमच्या प्रकरणात वकील गाठाच.

१. ट्रंकेत रिव्हॉल्वर सापडलं आहे. सगळ्यात आधी काय करू?

हात मागे घ्या. लहान मुलांना खोलीबाहेर काढा, वस्तू आहे तिथेच राहू द्या आणि आहे त्या अवस्थेत फोटो काढा. ट्रंक, भोवतीची कागदपत्रं, कापडाची घडी, सगळं फोटोत येऊ द्या. हे फोटो पुढे दोन कामांना येतात: ओळख पटवायला आणि ती वस्तू तुम्हाला कशी सापडली हे पोलिसांना दाखवायला.

मग त्याच ट्रंकेतले कागद चाळा. परवान्याचं पुस्तक, दुकानाची पावती, जुन्या कलेक्टर कचेरीचं पत्र यातलं काहीही मिळालं तर ते हत्यारापेक्षा मोलाचं आहे (प्रश्न १० पाहा). वस्तू पिशवीत घालून, गाडीच्या डिकीत टाकून कुणा "जाणकार" मित्राकडे नेऊ नका. विनापरवाना हत्यार घेऊन फिरणं हाही गुन्हा आहे.

२. ते भरलेलं आहे की रिकामं, हे न उघडता कळतं का?

कधी कळतं, कधी नाही. सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता गोल भाग) आणि त्यामागचा सांगाडा यांच्यामधल्या फटीत बाजूने बॅटरी मारली, तर काडतुसांच्या पितळी कडा दिसतात. पण काही जुन्या मॉडेलांत ही फट मागून झाकलेली असते. तेव्हा कडा दिसल्या नाहीत म्हणून ते रिकामं ठरत नाही. नळीच्या तोंडातून आत डोकावण्याचा मोह अजिबात नको. घोडा मागे ओढून बघणं, चाप दाबून बघणं, गंजलेला सांधा स्क्रूड्रायव्हरने उचकटणं हेही नको. सत्तर वर्षं पडून राहिलेलं काडतूस मेलेलंच असेल असं कुणी सांगितलं, तर त्याला ट्रंकेजवळ बसवा आणि तुम्ही अंगणात या.

३. घरात सगळे त्याला पिस्तूल म्हणतात. रिव्हॉल्वर आणि पिस्तुलात फरक काय?

रिव्हॉल्वरमध्ये पाच-सहा घरांचं सिलिंडर असतं, ते प्रत्येक बाराला एक घर पुढे फिरतं. पिस्तुलात काडतुसं मुठीच्या आतल्या मॅगझिनमध्ये उभी रचलेली असतात आणि वरचा भाग मागेपुढे सरकतो. बोलताना आपण दोन्हीला पिस्तूल म्हणतो, त्यात वावगं काही नाही. पण अर्जात, पंचनाम्यात आणि परवान्यावर शब्द बरोबर हवा. शिवाय घराण्यातल्या कथा तपासताना हाच फरक निर्णायक ठरतो (प्रश्न १४).

४. ओळख पटवायला नेमकं काय काय बघायचं? फोटो कशाकशाचे काढू?

दोन्ही बाजूंचे पूर्ण फोटो, तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग जवळून: नळीच्या वरची पट्टी, सांगाड्याच्या दोन्ही बाजू, सिलिंडरची पाठ, मुठीचा तळ. पैलू बघायचे ते असे.

पहिला, उघडतं कसं. वेब्लीसारखं रिव्हॉल्वर मधोमध मोडतं: डाव्या बाजूला अंगठ्याने दाबायची कळ आणि पुढे खाली एक बिजागर. अमेरिकन कोल्ट किंवा स्मिथ अँड वेसनच्या बहुतेक विसाव्या शतकातल्या मॉडेलांचं सिलिंडर डावीकडे बाहेर येतं. त्याहून जुन्यांत उजव्या बाजूला छोटं दार असतं, त्यातून एकेक काडतूस आत जातं. उघडून बघू नका. कळ, बिजागर की दार, हे बाहेरून दिसतं.

दुसरा, मूठ. पोपटाच्या चोचीसारखी वळलेली की तळाला चौकोनी? तिसरा, घोड्याला अंगठ्याने ओढायचं टोक आहे का. चौथा, आणि सगळ्यात बोलका, म्हणजे ठसे: मुकुट, बाण, अंडाकृती, तारे, अक्षरं, आकडे. लोक नाव शोधतात आणि ठसे सोडून देतात. नाव कुणीही कोरू शकतो. ठसा मात्र अधिकृत चाचणीगृहाचा (बंदूक बार सोसते का हे तपासणाऱ्या संस्थेचा) असतो आणि त्यावरून देश व काळ कळतो.

एक पथ्य आहे. अनुक्रमांकाचा फोटो इंटरनेटवर टाकू नका आणि ओळखीसाठी हत्यार स्वच्छ करू नका (प्रश्न १२).

५. बाजूवर वेब्ली असं दिसतंय. म्हणजे काय आहे आमच्याकडे?

महाराष्ट्रातल्या घरांतून येणाऱ्या फोटोंत हे नाव सगळ्यात जास्त दिसतं आणि त्यात नवल नाही. बर्मिंगहॅमच्या वेब्लीचं रिव्हॉल्वर ब्रिटिश लष्कराने १८८७ साली मार्क एक म्हणून स्वीकारलं आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या दोन्ही महायुद्धांपर्यंत चालल्या. १९१५ चं मार्क सहा सगळ्यात ओळखीचं: सहा इंची नळी, किलोच्या वर वजन, चौकोनी तळाची मूठ, ०.४५५ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, इथे इंचात). मार्क एक ते पाचपर्यंतची लष्करी मूठ चोचीसारखी वळलेली असते. नुसत्या मुठीवरून १९१५ च्या आधीचं की नंतरचं हे बऱ्याचदा सांगता येतं.

दिसायला अगदी तसंच, पण लहान आणि हलकं असेल, तर दोन शक्यता. एक, वेब्लीचं स्वतःचं ०.३८ चं मार्क चार. दुसरी, एनफिल्ड नंबर दोन. हे एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने ०.३८ मध्ये काढलं आणि लष्कराने १९३२ साली स्वीकारलं. त्याच्या १९३८ च्या आवृत्तीत घोड्याचं टोकच उडवलं आहे, कारण रणगाड्याच्या अरुंद जागेत ते अडकायचं. "घोडा तुटलाय" म्हणून ज्यांची पत्रं येतात, त्यांच्यातल्या निम्म्यांचा घोडा तुटलेला नसतो.

नाव वेब्लीचं आहे म्हणजे वस्तू जुनीच, असंही नाही. अलीकडे उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे वेब्ली अँड स्कॉट नावाची ३२ बोअरची रिव्हॉल्वरं बनू लागली आहेत.

६. आमच्यावर "आर्मी अँड नेव्ही" असं कोरलंय. ही कंपनी कुठे शोधू?

ती बनवणारी कंपनी नाही, विकणारं दुकान. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटीची दुकानं लंडनबरोबर मुंबई आणि कलकत्त्यातही होती. ब्रिटिश अधिकाऱ्याला आपलं रिव्हॉल्वर स्वतःच्या पैशाने घ्यावं लागे. ते तो अशा दुकानातून घेई आणि दुकानदार नळीवरच्या पट्टीवर आपलं नाव कोरून देई. कलकत्त्याच्या मँटन आणि रोडा या पेढ्यांची नावंही अशीच भेटतात. ही रोडा म्हणजे तीच, जिच्या मालातून २६ ऑगस्ट १९१४ रोजी क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं पळवली. मूळ बनावट कळायला सांगाड्यावरचे ठसे बघावे लागतात.

७. कुठेच नाव नाही. फक्त अंडाकृतीत तीन इंग्रजी अक्षरं आहेत.

ई, एल, जी ही अक्षरं असतील तर हत्यार बेल्जियममधल्या लिएज शहरातलं. तिथे एकोणिसाव्या शतकात घरोघरी बंदुकांचे भाग बनत आणि इंग्रजी "बुलडॉग" जातीच्या आखूड रिव्हॉल्वरांच्या स्वस्त नकला जगभर जात. नाव नसणं हा दोष नाही, तो धंद्याचा रिवाज होता. अंडाकृतीवर मुकुट असेल तर १८९३ किंवा नंतरचं, नसेल तर आधीचं.

सिलिंडरच्या कडेला प्रत्येक घरासमोर बारीक खाच दिसली, तर ते "पिनफायर" असू शकतं. त्यातल्या काडतुसाची पिन त्या खाचेतून बाहेर डोकावते आणि घोडा पिनवर पडतो. अशी पिन दिसत असेल तर वस्तूला धक्काही लावू नका.

८. अमेरिकन नाव आहे, पण आजोबा तर ब्रिटिश सैन्यात होते. असं कसं?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला स्वतःचं उत्पादन पुरेना, म्हणून स्मिथ अँड वेसनने ब्रिटिशांच्या ०.३८ काडतुसासाठी लाखो रिव्हॉल्वरं बनवली. त्यांतल्या १९४२ नंतरच्यांच्या अनुक्रमांकाआधी व्ही हे अक्षर असतं, "व्हिक्टरी"चं. मुठीच्या तळाला बघा.

९. नेमकं वर्ष कसं कळेल? आणि बाणाच्या ठशाचा अर्थ काय?

लष्करी वेब्ली-एनफिल्डवर बहुधा वर्षच ठोकलेलं असतं. खासगी विक्रीच्या हत्यारांवर ठशांवरून अंदाज बांधावा लागतो. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाने १९०४ पासून मुकुटाखाली बी-पी, बी-व्ही, एन-पी अशी जोडअक्षरं वापरली. मुकुटाखाली बी-एन-पी अशी तीन अक्षरं असतील तर चाचणी १९५४ किंवा त्यानंतरची, मग घरात कुणी "पणजोबांचं" म्हणत असलं तरी. "नॉट इंग्लिश मेक" असा ठसा असेल तर ते परदेशी हत्यार इंग्लंडमध्ये १९०४ ते १९२५ च्या दरम्यान तपासलं गेलं.

रुंद टोकाचा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता. त्याखाली आय असेल तर हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून उभे असतील तर ते सरकारी सेवेतून रीतसर विकून टाकलेलं. बाणच नसेल तर बहुधा खासगी खरेदी, जी अधिकाऱ्यांच्या बाबतीत नेहमीची होती. एकच बाण दिसला म्हणून आजोबांवर चोरीचा आळ घेऊ नका. पण ते घरात कसं आलं, हे विचारायला जागा नक्की आहे.

१०. शंभर वर्षं जुनं म्हणजे अँटिक. मग परवाना लागत नाही ना?

लागतो. या पानावरचा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त घोटाळाही इथेच. "१८९८ पर्यंतचं असेल तर मोकळं" असं जे यूट्यूबवर ऐकू येतं, तो अमेरिकेच्या संघीय कायद्याचा नियम आहे. आपल्याकडे असं एकही वर्ष नाही.

आपला शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या कलम ३ प्रमाणे बंदूक बाळगायला परवाना हवा. कलम ४५ मध्ये सूट आहे, पण तिचे शब्द नीट वाचा: जुनाट घडणीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करून किंवा न करता, कसंही, बंदूक म्हणून वापरता येणार नाही. सूट वयाला नाही, निकामी असण्याला आहे. "दुरुस्त करूनही नाही" ही अट मोठी आहे. गंजून घट्ट झालेलं वेब्ली चांगला कारागीर चालू करून देऊ शकतो, म्हणून ते या सुटीत बसेलच असं नाही. आणि बसतं की नाही हे तुम्ही, मी किंवा शेजारचे निवृत्त सुभेदार ठरवू शकत नाही. प्रकरण उभं राहिलं तर हत्यार न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातं (मुंबईत कलिन्याला), तिथले बॅलिस्टिक तज्ज्ञ मत देतात.

विनापरवाना बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं आणि कमाल ५ वर्षं, वर दंड.

आजोबांचा परवाना सापडला तर चित्र बदलतं. तो परवाना त्यांच्याबरोबर संपला हे खरं, पण हत्यार कायदेशीर मार्गाने घरात आलं याचा तो पुरावा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची सोय आहे: परवानाधारक वारल्यावर, किंवा हयातीतच, त्याने सत्तरी गाठल्यावर किंवा हत्यार २५ वर्षं बाळगल्यावर. अर्ज पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्तांकडे, बाकी जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. मिळेलच असं नाही, पोलीस अहवाल लागतो. वारशाने आलेलं धरूनही एका व्यक्तीला दोनपेक्षा जास्त बंदुका ठेवता येत नाहीत.

११. पोलिसांकडे गेलो तर मीच अडकणार नाही का?

ही भीती खरी आहे, "काही होत नाही" असं सांगून मी ती उडवून लावणार नाही. पण कायदाच तुम्हाला एक वाट देतो. कलम २१ म्हणतं की ज्याच्याकडचं हत्यार बाळगणं कायदेशीर राहिलेलं नाही, त्याने ते विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं. परवाना संपला, धारक वारला, ही याचीच उदाहरणं. शिवाय कलम ३ च्या गुन्ह्यात खटला भरायला कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. कोणी हवालदार रागावला म्हणून थेट कोर्ट, असं होत नाही.

व्यवहारात असं करा. वकिलामार्फत किंवा स्वतः ठाण्यात लेखी अर्ज द्या: केव्हा, कुठे, कुणाच्या साक्षीने सापडलं, सोबत फोटो. हत्यार घेऊन जाऊ नका, पोलिसांना घरी येऊन पंचनामा करू द्या. पावतीवर अनुक्रमांक, बोअर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. "जुने गंजलेले पिस्तूल एक नग" अशी पावती मिळाली, तर उद्या परत मागताना तुमच्या हातात काही नाही. जमा केल्यावर परवाना मिळवून परत घेणं किंवा परवानाधारकाला विकणं हे मार्ग खुले असतात, पण मुदतीत. मुदत गेली की हत्यार सरकारजमा.

सापडल्यापासून अर्जापर्यंत सहा महिने लोटले असतील, तर त्या सहा महिन्यांचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

१२. गंज काढून, पॉलिश करून शोकेसमध्ये ठेवू का?

नको. पॉलिश पेपरने पहिले जातात ते ठसे, मग अनुक्रमांक. ओळखचिन्ह पुसणं कलम ८ खाली निषिद्ध आहे. तुमचा हेतू साफसफाईचा होता हे पटवत बसावं लागेल. जुन्याची किंमतही मूळ रंग आणि ठशांवर असते. नळीत शिसं ओतून किंवा भोक पाडून "निकामी करून घेऊ" असं गावातला लोहार म्हणत असेल, तर त्यालाही नाही म्हणा. हत्यारात फेरफार करायला त्यालाही परवाना लागतो.

१३. सोबत काडतुसं आहेत. ती वेगळी टाकून देता येतील का?

नाही. काडतुसांनाही हत्यारासारखाच परवाना लागतो. कचऱ्यात, चुलीत, विहिरीत काहीही नको. हिरवट पडलेली, फुगलेली, तेलकट झालेली काडतुसं हलवूसुद्धा नका, पोलिसांना आधी सांगा.

त्यांच्या बुडावरची अक्षरं मात्र दुरून फोटोत घ्या. बुडावर के-एफ दिसलं तर ते किर्की, म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्याचं. १८६९ साली पुण्याशेजारी सुरू झालेल्या या कारखान्याची काडतुसं साताऱ्याच्या ट्रंकेत निघाली, की वस्तू सैन्यातून आली या कथेला थोडं बळ येतं. काइनॉक असं नाव असेल तर माल बर्मिंगहॅमचा, बहुधा दुकानातून घेतलेला.

१४. घरात सांगतात की हे क्रांतिकारकांचं आहे, सावरकरांनी लंडनहून पाठवलेल्यांपैकी. खरं असू शकेल?

रिव्हॉल्वर असेल तर ती कथा जुळत नाही. सावरकरांनी लंडनहून पाठवली ती २० ब्राउनिंग पिस्तुलं होती. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्याही ब्राउनिंगमधूनच. सिलिंडर असलेली वस्तू त्या वीसांतली नव्हे.

म्हणून कथा खोटी ठरवून टाकायची घाई मात्र नको. ४२ च्या चळवळीतली, प्रतिसरकारच्या काळातली, मराठवाड्यात १९४८ च्या सप्टेंबरपर्यंतच्या रझाकारी धामधुमीतली हत्यारं घराघरांत दडवली गेली होती. कथा लिहून काढा, कुणी कुणाला सांगितली तेही लिहा आणि ठशांवरच्या वर्षाशी ताडून बघा. १९४२ साली गाडलेल्या रिव्हॉल्वरवर बी-एन-पी चा ठसा असू शकत नाही (प्रश्न ९).

१५. आमचं घर गोव्यात आहे. ठसे वरच्या कशाशीच जुळत नाहीत.

१९६१ पर्यंतचा पोर्तुगीज अंमल लक्षात घ्या. पोर्तुगीज सैन्यात १८७८ च्या आणि १८८६ च्या मॉडेलची अबादी रिव्हॉल्वरं होती, लिएजमध्ये बनलेली, उजवीकडे काडतुसं भरायचं दार असलेली. म्हणजे ई-एल-जी चा ठसा गोव्यातही भेटू शकतो. कायदा मात्र आज तोच, प्रश्न १० मधला.

१६. ०.४५५ आहे म्हणे. वारसा हक्काने परवाना मागायचा, तर जिल्हाधिकारी "आमच्या हातात नाही" म्हणतात.

बरोबर म्हणतात. ०.४५५ आणि लष्करी ०.३८० ची काडतुसं घेणारी रिव्हॉल्वरं आपल्याकडे बंदी बोअरच्या वर्गात मोडतात. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. म्हणजे प्रश्न ५ आणि ८ मधली बहुतेक लष्करी हत्यारं याच कचाट्यात. आपल्याकडे जो तो "बत्तीस बोअर" का घेतो, याचं कारण इथे आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्वरही वेब्लीच्याच घडणीवर बेतलेलं, पण ०.३२ मध्ये.

१७. किती किंमत येईल? आणि लंडनला असलेला भाऊ घेऊन जाऊ शकतो का?

परदेशी लिलावांतले आकडे विसरा, तो बाजार वेगळा. इथे गिऱ्हाईक फक्त परवानाधारक किंवा विक्रेता. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयात जवळजवळ बंद असल्याने जुन्या विलायती ०.३२ ला चांगला भाव येतो. बंदी बोअरला गिऱ्हाईकच मोजकं.

भावाने सामानात नेणं हा विचार सोडून द्या. विमानतळावर सापडलं तर शस्त्र अधिनियम लागतोच. वस्तू शंभर वर्षांवरची असेल तर पुरावस्तू कायदा, १९७२ आडवा येतो, त्याखाली खासगी माणसाला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. तिकडे ब्रिटनमध्येही १९९७ पासून हॅंडगनवर बंदीच आहे.

१८. नाव वेब्लीचंच आहे, पण स्पेलिंग चुकलंय.

मग ते वेब्ली नाही. वायव्य सरहद्दीवर (आज पाकिस्तानात), मुख्यतः दर्रा आदमखेलमध्ये, इंग्रजी न येणारे कारागीर हातोडी-कानशीने हुबेहूब नकला करत. उलटं एन अक्षर, वाकडा मुकुट, भलत्याच वर्षाचा ठसा या त्यांच्या खुणा. हस्तकला म्हणून ती थक्क करणारी असली, तरी लोखंड कसलं वापरलं आहे याचा भरवसा नाही. कायद्याला नक्कल आणि अस्सल सारखंच.

१९. सिलिंडर गायब आहे, नुसता सांगाडा उरलाय. तेवढ्यालाही परवाना?

कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे भागही "शस्त्र" या शब्दात येतात. कलम ४५ ने सूट दिली आहे ती किरकोळ भागांना, तीही जोडीचे भाग तुमच्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे नसतील तर. अनुक्रमांक असलेला सांगाडा किंवा नळी किरकोळ ठरेल यावर मी पैज लावणार नाही. वाटणीत सांगाडा एका भावाकडे आणि सिलिंडर दुसऱ्याकडे गेलेली घरंही आहेत. अशा वेळी दोघांनी मिळून एकच अर्ज द्यावा.